हानियाला (क्रीट) आहोत, धड जेवण कुठे मिळेल?

रानजाई
६ ऑगस्ट, दुपारी १२.४०

मंडळी, ग्रीसच्या क्रीट बेटावर आलोय. हानिया शहराच्या पश्चिमेला आयिया मरिना म्हणून किनाऱ्यालगतचं गाव आहे, तिथे राहतोय. मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि सासूबाई. मुक्काम १६ तारखेपर्यंत. समुद्र, हवा, घर, सगळं झकास. जेवणाचे मात्र हाल.

आमच्या रस्त्यावर ओळीने हॉटेलं आहेत, सगळ्यांची मेन्यूकार्डं सारखीच: पिझ्झा, बर्गर, इंग्लिश ब्रेकफास्ट आणि कोपऱ्यात मुसाका (वांगं-खिम्याचा भट्टीत भाजलेला ग्रीक पदार्थ). काल रात्री बस पकडून हानियाच्या जुन्या बंदरावर गेलो. दिव्यांची आरास, पाण्यात प्रतिबिंबं, बघत राहावं असं. पण दहा पावलांवर एकेक माणूस मेन्यू घेऊन आडवा येतो. एकाने "नमस्ते, शाहरुख खान" म्हटलं आणि नवरा विरघळला. बसलो. मुसाका कडेने चटका बसेल इतका गरम आणि मधे गार. नवऱ्याला बर्फावरचा एक मासा दाखवला, "फ्रेश, फ्रेश" म्हणाले, बिलात त्या एका माशाचे ५८ युरो! न मागितलेल्या पावाचेही पैसे लावले.

खरा प्रश्न सासूबाईंचा. श्रावण पाळतात. मांस-मासे-अंडी नाही. (कांदा-लसूण "परदेशात चालवून घेते" म्हणाल्यात, देवाची कृपा.) तीन दिवस ग्रीक सॅलड आणि फ्रेंच फ्राइजवर आहेत. तक्रार करत नाहीत, त्याचंच जास्त टेन्शन येतं. काल झोपताना हळूच म्हणाल्या, "दहीभात कुठे मिळेल का गं?"

इथलेच लोक जेवायला जातात अशी जागा शोधायची कशी? गल्लीचं नाव सांगितलंत तरी चालेल.

सायकलराव
६ ऑगस्ट, दुपारी १.०५

नकाशा उघडा, साडेचारच्या वर तारे बघा, जा. धागा कशाला?

चिंचगूळ
६ ऑगस्ट, दुपारी १.३०

सायकलराव, तारे देणारे कोण असतात? आपल्यासारखेच चार दिवसांचे पाहुणे. "अमेझिंग सनसेट, फ्रेंडली वेटर" यावर पाच तारे पडतात, जेवणाचा त्यात उल्लेखसुद्धा नसतो. मी प्रतिसाद भाषेनुसार बघते. ग्रीकमध्ये लिहिलेले वाचायचे, भाषांतराचं बटण असतंच. ते लोक चवीबद्दल भांडतात: अमुक पदार्थात पुदिना कमी होता, तमुकची आजी होती तेव्हा बरं होतं. तसं भांडण दिसलं की जागा नक्की करायची.

अथेन्सकर
६ ऑगस्ट, दुपारी ३.१५

बारा वर्षं अथेन्सला आहे आणि बायकोचं आजोळ क्रीटचं, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो.

आधी नाव. लिहितात कसंही, म्हणताना "हन्या". बसवाल्याला "चानिया" म्हणालात तर तोही समजेल, पण भाव टुरिस्टाचा लागेल. :)

मेन्यू घेऊन आडव्या येणाऱ्या माणसाला इथे "क्राख्तिस" म्हणतात, म्हणजे ओरडून बोलावणारा. जिथे क्राख्तिस उभा आहे तिथे जेवायचं नाही, इतका एकच नियम पाळलात तरी निम्मं काम झालं. स्वयंपाक चांगला असेल तर दारात माणूस उभा करण्याचा पगार कोण देईल?

दुसरं म्हणजे वेळ. तुम्ही किती वाजता जेवता? सात-साडेसातला, बरोबर? त्या वेळी ग्रीक माणूस दुपारची झोप काढून नुकता उठलेला असतो. दुपारचं जेवण दोन ते चार आणि रात्रीचं नऊनंतर, उन्हाळ्यात दहासुद्धा. साडेसातला कुठल्याही ताव्हेर्नात, म्हणजे इथल्या खानावळीत, डोकावलात तर एक तर रिकामी दिसेल नाहीतर तुमच्यासारखेच पाहुणे दिसतील. त्यावरून जागेची परीक्षा होत नाही. साडेनऊला टेबलांवर पोरंबाळं आणि आज्या दिसल्या तर बसा.

जागा: बंदराची पहिली ओळ सोडा. जुन्या शहरात १९१३ साली उघडलेली क्रूसाच्या आकाराची मंडई आहे. तिच्याकडून बंदराकडे उतरताना उजव्या हाताला गल्ल्यांत शिरलात की स्प्लांझिया नावाचा चौक लागतो. खूण सांगतो, चुकणार नाही: एकाच चर्चला एका बाजूला घंटाघर आणि दुसऱ्या बाजूला मिनार. तुर्कांच्या काळात त्याची मशीद झाली होती, नंतर परत चर्च झालं, मिनार तसाच राहिला. त्या चौकात आणि मागच्या गल्ल्यांत शोधा.

टेबलावर बसण्याआधी विचारा: आज काय शिजवलंय? इथे दोन प्रकारचं जेवण असतं. एक "तिस ओरास", म्हणजे ऑर्डर दिल्यावर तळून-भाजून देतात ते. दुसरं "मायिरेफ्ता", सकाळीच भांड्यात किंवा भट्टीत शिजवून ठेवलेलं. मायिरेफ्ता म्हणजे आपल्या खानावळीतली रोजची भाजी-आमटी. सासूबाईंचं जेवण तिथे आहे, छापील मेन्यूत नाही. जुन्या पद्धतीच्या ताव्हेर्नात आत जाऊन पातेली बघता येतात. संकोच करू नका.

आता बिलाचं. पाव येतो त्याला "कुव्हेर" म्हणतात, माणशी एक-दोन युरो. नको असेल तर आल्याआल्या परत करा. मासा नेहमी किलोच्या भावाने असतो. निवडलात की समोर वजन करायला लावा आणि आकडा विचारा, यात कुणाला राग येत नाही. मेन्यूत पदार्थापुढे चांदणी किंवा "कात." अशी खूण असेल तर माल गोठवलेला आहे, ते लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. आणि मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: पावती मिळाली नाही तर ग्राहकाने पैसे देणं बंधनकारक नाही. आमचे अथेन्सचे मित्र ती ओळ मोठ्याने वाचून वेटरला छळतात.

निवांत
६ ऑगस्ट, संध्याकाळी ५.५०

थोडं उलट बोलतो. "लोकल" शोधण्याचा हा सोस मला कळत नाही. व्हेनिसच्या लोकांनी बांधलेलं बंदर, दीपगृह, मावळता सूर्य, त्या खुर्चीचं भाडं जेवणात लावणारच की! मी गेल्या वर्षी तिथे बसून एक कॉफी दीड तास प्यायलो आणि मला एक पैसाही महाग वाटला नाही. शिवाय हन्याचा सामान्य माणूस रोज रात्री कुठे "अस्सल" ताव्हेर्नात जातो? तो पीठात गुंडाळलेलं सुव्लाकी, म्हणजे मांसाचे भाजलेले तुकडे, घेऊन घरी जातो.

अथेन्सकर
६ ऑगस्ट, संध्याकाळी ६.२०

कॉफीबद्दल पूर्ण सहमत. बंदरावर कॉफी प्या, आईस्क्रीम खा, जेवू नका. आणि ते पीठ नाही हो, पीटा. :) गव्हाच्या पिठाची गोल रोटी. लेकीला द्या, मुलं खूश असतात.

रानजाई
६ ऑगस्ट, संध्याकाळी ७.००

निवांत, खुर्चीचं भाडं मान्य, पण मुसाका मधे गार का ते सांगा.

अथेन्सकर, खूप खूप धन्यवाद, वाचनखूण साठवली. "व्हेज" म्हटलं की वेटर मान हलवतो आणि सॅलड आणतो. काय म्हणायचं?

अथेन्सकर
६ ऑगस्ट, संध्याकाळी ७.४५

"निस्तीसिमो" म्हणा. म्हणजे उपवासाचं. तुमच्या सासूबाई नशीबवान आहेत. १ ते १४ ऑगस्ट इथेही उपवास असतो, १५ तारखेच्या मेरीमातेच्या सणाआधीचा. मांस नाही, अंडी नाही, दूधदुभतंही नाही. सगळे पाळत नाहीत, पण वयस्कर बायका पाळतात, आणि ताव्हेर्नाच्या स्वयंपाकघरात बहुतेक त्याच असतात. श्रावण म्हणजे काय ते तिथे समजावून सांगावं लागणार नाही.

पण एक मोठी मेख आहे. या उपवासाला ऑक्टोपस चालतो. माकूल चालतं, कोळंबी चालते, शिंपल्या चालतात. ज्याला रक्त नाही ते उपवासाचं, असा हिशेब. मासा चालत नाही, तो फक्त आजच्या दिवशी, ६ तारखेला, कारण आज वेगळा सण आहे. तेव्हा निस्तीसिमो म्हटल्यावर लगेच "फक्त भाज्या", म्हणजे "मोनो लाहानिका" जोडा.

चिंचगूळ
६ ऑगस्ट, रात्री ८.१०

हसून हसून पुरेवाट! उपवासाला ऑक्टोपस!!

सायकलराव
६ ऑगस्ट, रात्री ८.२५

हसताय काय? आपल्या उपवासाला बटाटा, मिरची, शेंगदाणे आणि साबुदाणा चालतो. चारही अमेरिका खंडांतून आलेले. कुठल्या पुराणात लिहिलंय?

चिंचगूळ
६ ऑगस्ट, रात्री ८.४०

साबुदाण्याला मधे आणायचं काम नाही. (अवांतर थांबवते, नाहीतर धागा शंभरीला जाईल आणि रानजाई उपाशी राहतील.)

अथेन्सकर
६ ऑगस्ट, रात्री ९.००

चला, मूळ विषय. सासूबाईंसाठी नावं लिहून ठेवा.

लादेरा: ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, हा पदार्थ नसून अख्खा वर्ग आहे. त्यात फासोलाकिया म्हणजे टोमॅटोतली घेवड्याची भाजी, ब्रियाम म्हणजे भट्टीतली मिसळ भाजी. गिगांदेस म्हणजे मोठ्ठा पांढरा पावटा, टोमॅटोत भाजलेला. फावा म्हणजे घट्ट पिवळं वरण, वर कच्चा कांदा. बुरेकी खास हन्याचं: दुधी काकडीसारखी झुकिनी, बटाटा, मिझीथ्रा नावाचं ताजं चीज आणि पुदिना. डाकोस: जवाचा दगडासारखा टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो, चीज आणि तेल. तो जरा मुरू द्यायचा, नाहीतर दात जाईल.

फसवे पदार्थ: गेमिस्ता, म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या. कधी खिमा असतो, कधी नुसता भात. बिनखिम्याच्यांना "ऑर्फाना" म्हणतात, अनाथ! द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांचंही तसंच. बिनमांसाच्या त्या "यालांजी", तुर्की शब्द, अर्थ खोटारड्या. म्हणजे तुम्हाला अनाथ आणि खोटारडं तेवढं मागायचंय. आणि सगळ्यांत घातक गामोपिलाफो, लग्नातला भात. दिसतो आपल्या मऊ भातासारखा, शिजवतात मटणाच्या पाण्यात. दहीभाताच्या आशेने कुणीही फसेल.

चीजमध्ये पारंपरिक पद्धतीने जनावराचं विरजण असतं. अगदी कडक पाळत असाल तर तेही सांगून ठेवतो.

बोटवाला
६ ऑगस्ट, रात्री ९.३५

फ्रेंच फ्राइजबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगतो. टुरिस्ट हॉटेलात ज्या कढईत कॅलामारी (माकूल) तळतात त्यातच बटाटा तळतात. विचारून घ्या.

रानजाई
६ ऑगस्ट, रात्री ९.४०

बोटवाला, तीन दिवस!!! मी सासूबाईंना हे सांगत नाहीये. तुम्हीही हा प्रतिसाद लिहिला नाही असं समजू या.

बोटवाला
६ ऑगस्ट, रात्री १०.१५

समजलो. :) आता तुमच्या मिस्टरांच्या माशाकडे वळू. मी मालवणचा, बोटीवर नोकरी केली, पिरेअसला पुष्कळदा आणि हन्याशेजारच्या सुदाला दोनदा लागलोय. आमच्याकडे म्हणतात, मासो बघून घेवचो, हॉटेल बघून नाय.

मेन्यूवर त्सिपुरा आणि लाव्राकी ही दोन नावं सगळीकडे दिसतील. ते बहुतेक वेळा पाळलेले मासे, समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यात वाढवलेले. वाईट नसतात, पण भाव खऱ्या माशाचा देऊ नका. इथेही उन्हाळ्यात ट्रॉलरना बंदी असते, आपल्याकडे पावसाळ्यात असते तशी. मग उरतात छोट्या होड्या. वारा सुटला की त्या जात नाहीत, आणि ऑगस्टमध्ये उत्तरेचा वारा तीन-तीन दिवस थांबत नाही. वाऱ्याच्या तिसऱ्या दिवशी कुणी "आजचा ताजा" म्हणत मोठा मासा दाखवला तर हसून पुढे जा.

स्वस्त आणि ताजं खायचं तर लहान मासे: मारीदेस, गाव्रोस, सार्डिन. पिठात घोळवून तळलेले, डोक्याशेपटीसकट खायचे. मांदेलीची आठवण आली नाही तर पैसे परत. जागा सांगतो: जुन्या बंदरापासून फिर्कास किल्ल्याला वळसा घालून पश्चिमेला पाऊण मैल चाला, नेआ होरा येईल. वाळूवर टेबलं, ओळीने मासळीची हॉटेलं, रविवारी दुपारी गावातली कुटुंबं भरलेली असतात.

रानजाई
९ ऑगस्ट, दुपारी १२.१०

वृत्तांत. परवा संध्याकाळी लेकीला भूक धरवेना म्हणून सातलाच स्प्लांझियाला पोचलो. मिनारवालं चर्च सापडलं, झाडाखालचा चौक सुंदर, आणि टेबलं ओस. नवरा म्हणाला, "बघ, तुमच्या धाग्यावरची जागा." लेकीला सुव्लाकी घेऊन दिलं, आम्ही गल्ल्यांतून भटकलो, सुऱ्या बनवणाऱ्यांची जुनी गल्ली बघितली. सव्वानऊला परत आलो तर त्याच चौकात बसायला जागा नाही!

मागच्या एका गल्लीत सात-आठ टेबलांची ताव्हेर्ना दिसली. क्राख्तिस नाही, फोटोंचा मेन्यू नाही. दाराशी एक आजीबाई घेवड्याच्या शेंगा मोडत बसलेल्या. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं: निस्तीसिमो, मोनो लाहानिका. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, सासूबाईंच्या साडीकडे आणि कुंकवाकडे बघितलं, उठल्या आणि त्यांचा हात धरून सरळ आत घेऊन गेल्या. मी मागोमाग. एकीला मराठी, दुसरीला ग्रीक. झाकण उचलायचं, सासूबाईंनी वास घ्यायचा, मान हलवायची. ऑक्टोपसचं झाकण उघडल्यावर सासूबाई दोन पावलं मागे, आणि दोघी खळखळून हसल्या.

मग एका पातेल्यात उकडलेली पालेभाजी होती. सासूबाईंनी देठ बोटांनी दाबून बघितला आणि मला म्हणाल्या, "अगं, हा तर माठ!"

अथेन्सकर, खरंच माठ होता का हो? भाजी "व्लीता" नावाने आली. सोबत झुकिनीचे तुकडे, वरून ऑलिव्ह तेल आणि लिंबू. सॅलडमध्ये घोळूची भाजी होती, तीही कच्ची. दोन्ही आमच्या परसातल्या! सासूबाईंचं मत: "भाजी उत्तम, फोडणी राहिली." मग पर्समधून शेंगदाण्याची चटणी निघाली. आजीबाईंनाही दिली, त्यांनी चाखली आणि पाणी मागवलं.

गिगांदेस, फासोलाकिया, बुरेकी, नवऱ्याला आणि लेकीला कोकराचा रस्सा, घरची वाइन. (वाइन इथे किलोवर मागतात! "मिसो किलो" म्हणजे अर्धा किलो.) न मागता कलिंगड आलं आणि बाटलीभर त्सिकुडिया (इथली द्राक्षाची कडक दारू), तीही फुकट. चौघांचे ५४ युरो. म्हणजे बंदरावरच्या त्या एका माशापेक्षा कमी.

अथेन्सकर
९ ऑगस्ट, दुपारी १.००

माठच! व्लीता म्हणजे आपल्या माठ-तांदुळजाच्याच कुळातली रानभाजी. इथे उन्हाळ्यात "होर्ता", म्हणजे पालेभाजी, मागितली की बहुतेक तीच येते. घोळूला "ग्लिस्त्रिदा" म्हणतात. बारा वर्षं खातोय आणि मला स्वतःला घोळू ओळखू आली नव्हती, सासूबाईंना दंडवत सांगा.

कलिंगड आणि त्सिकुडियाला "केरास्मा" म्हणतात, घरच्याकडून. नको म्हणायचं नसतं, ओठाला लावलं तरी पुरे. म्हणून गोड पदार्थ आधीच मागवू नका. आणि बिल तुम्ही मागितल्याशिवाय आणत नाहीत, कितीही वेळ बसा.

१५ तारखेला बाहेर जेवणार असाल तर आत्ताच टेबल सांगून ठेवा, गावंच्या गावं बाहेर पडतात.

सायकलराव
९ ऑगस्ट, दुपारी १.२०

त्या जागेला नकाशावर तारे किती आहेत?

रानजाई
९ ऑगस्ट, दुपारी १.४५

बघितलं. ४.१. एका पाहुण्याने एक तारा दिलाय, कारण "मेन्यू इंग्रजीत नव्हता आणि म्हातारी उद्धट होती".

निवांत
९ ऑगस्ट, दुपारी २.३०

माघार घेतो. पण बंदरावर कॉफी प्यायलात की नाही?

रानजाई
१२ ऑगस्ट, सकाळी १०.३०

प्यायलो, निवांत. महाग होती आणि छान होती.

काल दुपारी नेआ होराला गेलो. बोटवाला, तुम्ही सांगितल्यासारखं नवऱ्याने आधी झाडांकडे बघून वारा आहे का ते तपासलं, एकदम दर्यावर्दी थाटात. मोठ्या माशाचं वजन करायला लावलं, आकडा ऐकला आणि "एफहारिस्तो" (धन्यवाद) म्हणून मारीदेसची ताटली मागवली. मग आणखी एक. लेकीने पहिल्यांदा डोक्यासकट मासा खाल्ला. मांदेलीच, पैसे परत मागत नाही.

सासूबाईंनी तिथेही होर्ता मागितली, स्वतःच, ग्रीकमध्ये. आली, पण त्यांच्या मते "आपल्या बाईंची" चांगली होती. सकाळी योर्दानिसची बुगात्सा खाल्ली, १९२४ पासूनचं दुकान आहे म्हणे, आत मिझीथ्रा आणि वरून साखर. ती त्यांना इतकी आवडली की एक बांधून घेतली.

आता घरात दोन पक्ष पडलेत. नवऱ्याला डोंगरात थेरिसोला जाऊन मटण खायचंय. सासूबाई म्हणतात, गल्लीतल्या त्या बाईंनी बुधवारी ये म्हणून सांगितलंय. बुधवार त्यांना कसा समजला हे मी विचारलं, तर म्हणाल्या, "बोटांवर मोजून दाखवलं तिने." जाताना चटणीची उरलेली पुडी न्यायची आहे, आणि बिनतिखटाची केली असती तर बरं झालं असतं, असं सकाळपासून चाललंय.